आधी कल्ले बघा: शिंपल्यांतल्या पाहुण्यांमागे सहा ओहोट्या

दिवस पहिला: खडकावरचे शिनाणे

सफर पौर्णिमेला सुरू केली, कारण उधाणाची सगळ्यात खोल ओहोटी पौर्णिमेला नाही, तिच्यानंतर एक-दोन दिवसांनी लागते. पहिले दोन दिवस खडकाच्या मधल्या पट्ट्यातलं काम उरकायचं आणि तिसऱ्या दिवशी, पाणी अगदी तळाला गेलं की, एरवी उघडा न पडणारा गवताळ पट्टा गाठायचा, असा बेत. ओहोटी रोज पाऊण ते एक तास उशिरा लागते, म्हणून सहाही दिवसांच्या वेळा वहीच्या पहिल्याच पानावर लिहून घेतल्या. ओहोटी पूर्ण होण्याच्या दीड तास आधी जागेवर असायचं आणि पाणी फिरलं की हातातलं काम अर्धं टाकून निघायचं, हा नियम शेवटपर्यंत पाळला. शिंपले काढायची परवानगी आधीच घेतलेली होती.

शोध होता शिंपल्याच्या आत राहणाऱ्या लहान कवचधारी, म्हणजे खेकडा-कोळंबीच्या कुळातल्या, प्राण्यांचा: वाटाणा खेकडे, जोडीनं राहणाऱ्या कोळंब्या, बाजूंनी चपटे ॲम्फिपॉड आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड. पुस्तकांत यांतल्या बहुतेकांपुढे ‘सहभोजी’ असा शब्द असतो. म्हणजे यजमानाच्या पानातलं खाणारा, पण त्याचं काही बिघडवत नाही असा. वहीत ‘नातं’ नावाचा एक रकाना पहिल्याच दिवशी आखला आणि तो कोराच ठेवला. पाहुणा सापडला म्हणजे नातं कळलं असं होत नाही. ते यजमानाच्या अंगावर शोधावं लागतं.

एका जागेवरून तीस शिनाणे, म्हणजे खडकाला तंतूंनी चिकटून राहणारे शिंपले, घेतले. हा आकडा उगाच नाही. तीस उघडून एकही पाहुणा निघाला नाही, तर ‘इथे नाहीत’ असं म्हणता येत नाही. फार तर ‘असतील तर बहुधा दर शंभरात दहापेक्षा जास्त नाहीत’ एवढंच म्हणता येतं. तीनला नमुन्याच्या संख्येनं भागायचं, इतका सोपा हिशोब आहे. साठ उघडले तर ती मर्यादा पाचावर येते. म्हणून रिकामा निघालेला प्रत्येक शिनाणाही वहीत चढतो. रिकामे न मोजणं ही या कामातली सगळ्यात जुनी चूक.

शिनाणा खडकावरून ओढायचा नाही. ओढला की तंतूंच्या मुळाशी मांस फाटतं आणि पुढे दिसणारी जखम खेकड्यानं केली की हातानं, ते सांगता येत नाही. कात्रीनं तंतू कापायचे. त्यानंतर प्रत्येक शिनाणा लगेच स्वतंत्र पिशवीत. पाण्याबाहेर काढलेला शिंपला घाबरतो, थोड्या वेळानं फट उघडतो आणि आतला खेकडा बाहेर पडतो. सगळे एकाच बादलीत टाकले असतील तर तासाभरात तळाशी चार खेकडे फिरताना दिसतात आणि कोण कोणाकडचा हे कधीच कळत नाही. पिशव्यांवर समुद्राच्या पाण्यात भिजवलेलं फडकं टाकून सावलीत ठेवायचं. बर्फाला थेट टेकवायचं नाही आणि गोडं पाणी तर अजिबात नको.

टेबलावर आधी कवच ब्रशनं घासून समुद्राच्या पाण्यात खळबळून घेतलं. कवचावरच्या शेवाळात मोकळे राहणारे कोपेपॉड भरपूर असतात आणि न घासता उघडलं की तेच आतले म्हणून मोजले जातात. मग व्हर्नियरनं लांबी, दशांश मिलिमीटरपर्यंत. सुरी तंतू जिथून बाहेर येतात त्या फटीतून घालायची, पातं वरच्या कवचाला घासत मागच्या रुंद टोकाकडे न्यायचं आणि तिथला मोठा स्नायू कापायचा. पातं मधून सरळ घुसवलं तर नेमकं तिथेच खेकडा असतो.

पहिली मादी अशीच मिळाली, डाव्या बाजूला, कल्ले आणि प्रावार, म्हणजे कवचाला आतून लागलेलं मऊ आवरण, यांच्या मधल्या जागेत. पाठकवच नऊ मिलिमीटर, गोल, मऊ आणि इतकं पातळ की आतला नारिंगी अंडकोश वरून दिसत होता. बशीत ठेवल्यावर तिला धड चालताही येईना. पाय झिजलेल्या काडीसारखे बारीक, पोटाखालची घडी मात्र इतकी रुंद की सगळी खालची बाजू झाकून टाकणारी. अंडी तिच्याखाली. शिंपल्याच्या कवचात राहणाऱ्याला स्वतःचं कवच टणक ठेवायची गरज उरत नाही. युरोपातल्या शिनाण्यांमधल्या अशाच खेकड्याला, जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसनं १७६७ मध्ये नाव दिलं, त्यातला ‘पिसम’ म्हणजे वाटाणा.

खेकडा बाजूला ठेवून लगेच कल्ले पाहिले. इथेच बहुतेकांचा हात घाईचा होतो, कारण खेकडा हलतो आणि कल्ले हलत नाहीत. शिनाण्याला डावी-उजवी अशा कल्ल्यांच्या दोन जोड्या असतात. खेकडा एका बाजूला बसलेला असेल तर दुसरी बाजू आपोआप तुलनेला मिळते. उजव्या बाजूच्या पडद्याची खालची कड सरळ, फिकट आणि सलग होती. डाव्या बाजूला, मादी बसायची त्या ठिकाणी, कड बोटाच्या पेराएवढ्या लांबीत आत सरकलेली, जाड आणि तपकिरी झालेली. ताजी फाटलेली कड पांढरी आणि धाग्याधाग्यांची दिसते. ही तशी नव्हती. ही बरी होत होत पुन्हा झिजलेली कड होती.

दिवस दुसरा: कालवं

कल्ल्याची कड का झिजते, हे कालवात आणखी नीट दिसतं. कालव पाणी आत ओढतो, कल्ल्यांवरच्या केसांमुळे त्यातले कण चिकट स्रावात अडकतात आणि त्याची दोरी कडेच्या खाचेतून तोंडाकडे सरकत जाते. खेकडा याच वाटेवर बसतो. पायांनी कल्ला धरतो आणि नांगीवरच्या केसांच्या कुंच्यानं दोरी ओरबाडून तोंडात घालतो. दोरी घेताना कड ओरबाडली जाते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कालवांमधल्या वाटाणा खेकड्यावर, म्हणजे झाओप्स ऑस्ट्रिअसवर, विसाव्या शतकाच्या मध्यावर बारकाईनं काम झालं. झिजलेले कल्ले आणि तोंडाजवळच्या खराब झालेल्या पाळ्या तेव्हाच नोंदल्या गेल्या. तरी कित्येक याद्यांत तो अजून सहभोजी म्हणूनच छापला जातो. आमच्या मते हे चूक आहे, आणि चूक शब्दाची नसून न पाहण्याची आहे.

कालव उघडताना खोलगट कवच खाली धरायचं. सपाट कवच उजवं. बिजागरीतून सुरी फिरवली की कवच उचलतं, पण पूर्ण उचलण्याआधी पातं सपाट कवचाला घासत आत नेऊन स्नायू तोडायचा. न तोडता ताकद लावली की कवचाबरोबर प्रावार फाटतो आणि खेकडा कुठे बसला होता ती जागाच मोडते. जागा लिहिणं आकार लिहिण्याइतकंच महत्त्वाचं आहे: कोणती बाजू, तोंडापासून किती लांब, तोंड कुणीकडे.

याच दिवशी नर-मादीची गफलत सुटली. मोठी मऊ मादी कोणीही ओळखतो. पण याच प्रजातीत मादीलाही तारुण्याच्या आधी एक टणक अवस्था असते: पाठ कडक, पाय चपटे, पायांवर पोहण्यासाठी केसांची झालर. त्या अवस्थेत ती हुबेहूब नरासारखी दिसते. मीलन त्याच सुमारास होतं. नंतर कात टाकत टाकत ती मऊ आणि गोल होते आणि पुन्हा बाहेर पडत नाही. म्हणून प्रत्येक टणक खेकडा उलटा करून पोटाची घडी सुईनं उचलायची. खाली पायांच्या दोन जोड्या असतील आणि पुढची जोडी टोकदार असेल तर नर. चार जोड्या असतील तर मादी. हे न केल्यास त्या जागी नर भलतेच जास्त असल्याचं चित्र तयार होतं.

खेकडा थेट अल्कोहोलात टाकला की पाय झटकतो आणि बाटलीत पाय वेगळे, धड वेगळं उरतं. आधी समुद्राच्या पाण्यासकट वाटी थंडीत ठेवून तो पूर्ण मंद होऊ द्यायचा. रंगीत छायाचित्र त्याआधीच घ्यायचं, अल्कोहोलात रंग दोन दिवसही टिकत नाहीत. मग ९५ टक्के इथेनॉल, प्राण्याच्या किमान तिप्पट, आणि एका दिवसानंतर ते बदलायचं, कारण अंगातलं पाणी मिसळून पहिलं पातळ होतं. डीएनए हवा असेल तर फॉर्मालिन नको. चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलीनं लिहिलेली. शाई अल्कोहोलात विरघळते.

दिवस तिसरा: गवताळ पट्टा

पाणी अपेक्षेप्रमाणे सगळ्यात खाली गेलं. गुडघाभर पाण्यात समुद्री गवतामध्ये पिन्ना, म्हणजे पंख्याच्या आकाराचे मोठे शिंपले, उभे होते, टोकाकडून एक तृतीयांश वाळूत रुतलेले, वरची धार पंख्यासारखी उघडी. ही धार पायाला लागली तर बूट कापते.

पिन्ना उपटायचा नाही. तंतू एकदा तुटले की त्याला पुन्हा उभं राहणं फार अवघड असतं. शिवाय भूमध्य समुद्रातल्या पिन्ना नोबिलिसचं काय झालं ते समोर आहे. २०१६ मध्ये स्पेनच्या किनाऱ्यावर मरतूक सुरू झाली, त्यामागे हॅप्लोस्पोरिडियम पिन्नी हा एकपेशीय परजीवी आढळला, आणि २०१९ पर्यंत ही प्रजाती अतिसंकटग्रस्त यादीत गेली. तिच्याबरोबर पॉन्टोनिया पिन्नोफायलॅक्स ही कोळंबी आणि नेपिन्नोथेरिस पिन्नोथेरिस हा खेकडा यांचं मोठं घर गेलं. यजमान मेला की पाहुण्यांची मोजणी कोणी करत नाही, ते यादीतून नुसतेच गळतात. याची खंत वाटते.

जागच्या जागी पाहायची रीत अशी. सूर्य समोर ठेवून जायचं, म्हणजे आपली सावली मागे पडते. सावली पडली की पिन्ना मिटतो. फट उघडी असतानाच धारेपासून थोडं आत बुचाचा आठ-दहा मिलिमीटर जाडीचा तुकडा अलगद बसवायचा. मिटायला लागल्यावर बसवायला गेलं तर धार तुटते. मग विजेरीचा प्रकाश तिरका सोडायचा. पिन्ना दचकला की त्याचं मऊ अंग कवचात खूप खाली सरकतं आणि वरची अर्धी जागा रिकामी होते, त्यामुळे आत पाहणं सोपं जातं. रबरी फुग्याच्या मोठ्या पिपेटनं एका बाजूनं पाणी सोडलं की कोळंबी दुसऱ्या बाजूला सरकते. तिथे ती ओढून घ्यायची. बुचाचा तुकडा काढायला विसरायचं नाही.

दोन कोळंब्या निघाल्या, एक मोठी अंडीवाली आणि एक तिच्यापेक्षा लहान. काचेसारखं अंग, त्यावर तांबडे ठिपके. पॉन्टोनिया, अँकिस्टस, कॉन्कोडायटीस या सगळ्या गटात मोठ्या कोळंब्या बहुधा नर-मादीच्या जोडीनं राहतात आणि मोठ्या शिंपल्यात मोठी मादी असं प्रमाण पुष्कळदा दिसतं. भिंगाखाली पायाचं टोक पाहण्यासारखं आहे: आकडीसारखं वळलेलं, कित्येकांत दुभंगलेलं. मऊ प्रावारावरून पाण्याच्या ओढीत घसरू नये म्हणून.

पिन्नाच्या या सोबत्याला जुन्या ग्रीकांनी राखणदार मानलं होतं. शत्रू आला की चिमटा काढून तो पिन्नाला सावध करतो, अशी समजूत. पिन्नोथेरिस, पिन्नोफायलॅक्स आणि लॅटिनमधलं कस्टॉस, या तिन्ही नावांत राखण आहे. पण कोळंबी काढून घेतलेला पिन्नाही सावलीला तसाच मिटला. त्याच्या प्रावाराच्या कडेलाच ती संवेदना आहे.

कल्ल्यांचं काय? बुचाच्या फटीतून दिसले तेवढे सरळ होते. पिन्ना नको असलेले कण स्रावात गुंडाळून बाहेर टाकतो, आणि कोळंबी या टाकाऊ गोळ्यांवर जगत असेल तर यजमानाचं काही जात नाही. या गटात सहभोजी शब्द शोभतो. तरीही कल्ल्यांचा मोठा भाग फटीतून दिसतच नाही, म्हणून रकाना कोराच ठेवला.

दिवस चौथा: चिखल, आणि उलटं नातं

चिखलात पाहुणा आणि यजमान यांची अदलाबदल होते. इथे शिंपलाच कवचधाऱ्याकडे राहायला येतो.

उपोजेबिया ही चिखलकोळंबी इंग्रजी वायच्या आकाराचं बीळ करते आणि पोटाखालच्या पायांनी त्यातून पाणी खेळवते. वाहतं पाणी म्हणजे प्राणवायू आणि अन्न. जपानमधला पेरेग्रिनामोर ओशिमाई हा शिंपला कोळंबीच्याच छातीखाली, पायांच्या मधल्या खाचेत, तंतूंनी चिकटून राहतो. कोळंबी कात टाकते तेव्हा त्याला जुनं कवच सोडून नव्यावर जावं लागतं, आणि तो ते करतो. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर क्रिप्टोमाया कॅलिफोर्निका याची वेगळीच युक्ती. त्याच्या पाणी ओढायच्या नळ्या अगदी आखूड, तरी तो चिखलात हातभर खोल सापडतो, कारण त्या नळ्या वरच्या पाण्यात उघडत नाहीत, शेजारच्या कोळंबीच्या बिळात उघडतात.

उपसायला पोलादी नळीचा हातपंप वापरला, मीटरभर लांब. दांडा हळू ओढायचा. झटक्यानं ओढला तर कोळंबी मधून तुटते आणि तिच्या छातीवरचा शिंपला सुटून गाळात जातो. म्हणून सगळा गाळ एक मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा आणि चाळणीवरचे सुटे छोटे शिंपलेही वेगळे ठेवायचे. शिंपला सुटा मिळाला तर ‘बहुधा या बिळातला’ असं लिहायचं, ‘या कोळंबीवरचा’ असं नाही. कोळंबीच्या पाठकवचाची एक बाजू फुगलेली दिसली तर आत बोपायरिड आयसोपॉड हा परजीवी असतो. तो रक्त पितो. त्याच्या नात्याबद्दल वाद नाही.

चिखलात फळी घेऊन जायचं. पाय रुतला तर उभ्या उभ्या ओढत बसायचं नाही, फळीवर आडवं होऊन तो सोडवायचा. पाणी फिरायच्या अर्धा तास आधीच परत.

रात्री पहिल्या दिवशीचे उरलेले जिवंत शिनाणे टाकीत होते, त्यात वाटाणा खेकड्याचा एक नर सोडला. पांढरा दिवा लावला की तो दडून बसतो, म्हणून तांबडा. न्यूझीलंडच्या हिरव्या कडेच्या शिनाण्यांवर झालेल्या निरीक्षणात नर अंधारात आपलं घर सोडून मादीच्या शिनाण्यापर्यंत जातात आणि प्रावाराच्या कडेला पायांनी गुदगुल्या करत राहतात, तासन्‌तास, फट पुरेशी उघडेपर्यंत. टाकीतला नरही फटीच्या कडेला पाय टेकवून बसला होता. पाय आत जायचा, कड आक्रसायची, पाय बाहेर, पुन्हा आत. घाईनं शिरला तर दोन कवचांमध्ये चिरडेल, आणि असे चिरडलेले नर शिनाण्यांत सापडतातही.

दिवस पाचवा: सूक्ष्मदर्शक

समुद्रावर जायचं नव्हतं. प्रत्येक शिंपल्याचं धुतलेलं पाणी १०० मायक्रॉनच्या चाळणीतून काढलं. खेकड्यांसाठी ५०० पुरते, पण कोपेपॉड एक मिलिमीटरच्या आसपासचे आणि सडपातळ, ते त्यातून निघून जातात. नुसत्या धुण्यानंही सगळे येत नाहीत, कारण आकड्यांसारख्या स्पृशांनी ते कल्ल्यांना धरून असतात. कल्ले सुटे करून वीसपट भिंगाखाली पडदा पडदा उलटावा लागतो. मागे अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबत असतील तर मादी. नाव ठरवायला पायांवरचे काटे मोजावे लागतात. त्यासाठी लॅक्टिक आम्लाच्या थेंबात काही तास ठेवलं की अंग पारदर्शक होतं.

आतडं वेगळं काढून दोन काचांमध्ये दाबून पाहायचं. त्यात मायटिलिकोला असेल तर लाल धाग्यासारखा लगेच दिसतो. मादी आठ-नऊ मिलिमीटर, नर तिच्या निम्म्याच्या आसपास. हा कोपेपॉड १९०२ मध्ये वर्णिला गेला. १९५०च्या आसपास नेदरलँड्समध्ये शिनाण्यांची मोठी मरतूक झाली तेव्हा दोष याच्यावर आला. पुढे मात्र, तो असलेले आणि नसलेले शिनाणे एकाच जागेवरून, एकाच आकाराचे घेऊन तुलना केल्यावर कित्येक अभ्यासांत फरकच दिसला नाही, आणि काहींनी त्याला सहभोजी म्हणावं असं सुचवलं. वाटाणा खेकड्याच्या बरोबर उलट गोष्ट: एकाला न पाहता निर्दोष ठरवलं, दुसऱ्याला न पाहता दोषी.

ॲम्फिपॉड थोडेच मिळाले. थंड समुद्रांत मेटोपा हा ॲम्फिपॉड मस्क्युलस शिंपल्याच्या आत पिलांसकट राहतो. इथले मात्र कवचाबाहेरच्या फटींतले निघाले, म्हणून वगळले.

दिवस सहावा: वजन

सकाळी टाकीतले जिवंत शिनाणे परत सोडायचे होते, पण आत कोण आहे ते न मारता पाहून. मॅग्नेशियम क्लोराइडचे खडे ७५ ग्रॅम, एक लिटर गोड्या पाण्यात, आणि हे द्रावण समुद्राच्या पाण्यात निम्मं-निम्मं. खड्यांचं प्रमाण कमी-जास्त झालं तर क्षाराचा तोल बिघडतो, म्हणून वजनकाटा हवाच. काही तासांत शिनाणे ढिले पडून उघडले. खेकडेही ढिले पडतात आणि वाटी कलंडली की घसरून खाली येतात, म्हणून प्रत्येकाला वेगळी वाटी. पाहून झाल्यावर वाहत्या समुद्राच्या पाण्यात ठेवले, टोचलं की मिटतात याची खात्री केली, आणि मगच काढले होते त्याच खडकावर सोडले.

उघडलेल्यांचं मांस आणि कवच वेगवेगळ्या तबकांत ६० अंशांच्या भट्टीत गेलं. ४८ तास, आणि नंतर सलग दोन वजनं सारखी येईपर्यंत. मांसाचं सुकं वजन भागिले कवचाचं सुकं वजन गुणिले शंभर, हा शिंपल्याच्या तब्येतीचा आकडा. खेकडा असलेले एका बाजूला, नसलेले दुसऱ्या बाजूला अशी नुसती सरासरी काढायची नाही. खेकडे बहुधा मोठ्या शिंपल्यांत जास्त असतात, मोठ्यांचं कवच मुळात जाड, त्यामुळे आकड्यातला फरक खेकड्याचा की वयाचा ते कळत नाही. लांबीच्या जोड्या लावून तुलना करायची. आणि ज्यांनी नुकतीच अंडी सोडली आहेत ते वेगळे काढायचे, नाहीतर त्यांचं ओसरलेलं मांस खेकड्याच्या नावावर जमा होतं.

वहीत पहिल्या दिवशीच्या मादीपुढे ‘कल्ला झिजलेला, डावा’ एवढं लिहिलेलं आहे. पिन्नाच्या जोडीपुढे ‘दिसला तेवढा सरळ’. कोपेपॉडांपुढे काहीच नाही. भट्टीतली तबकं परवा निघतील, नात्याचा रकाना तोवर पेन्सिलीलाही मोकळाच आहे.